मालवणची सुट्टी: तारखेने नाही, तिथीने आखा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात चार दिवस घालवायचे असतील, तर सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी कालनिर्णय उघडा. कोणता वार आहे यापेक्षा कोणती तिथी आहे हे इथे जास्त महत्त्वाचं. किनाऱ्यावरचं जवळजवळ सगळं पाण्याच्या पातळीवर चालतं: समुद्रातल्या छोट्या पद्मगडावर चालत जाता येईल का, समुद्राखाली काही दिसेल का, खाडीतली होडी चिखलात रुतेल का, खडकांवरची कालवं उघडी पडतील का. बरेच जण हॉटेल आधी ठरवतात आणि भरती-ओहोटी तिथे पोचल्यावर विचारतात. मग ओहोटी भल्या पहाटे उरकलेली असते आणि स्कूबाला गेलं तर पाणी गढूळ मिळतं. यात नशिबाचा भाग थोडा. हिशोब आधी केला असता तर टळलं असतं.

पाऊणपटीचा हिशोब

किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं गणित असं: त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत मोजणी एकपासूनच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे चतुर्थीची ओहोटी सकाळी नऊनंतर.

हा हिशोब आखणीपुरता आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत थोडा जास्तच, शिवाय तिथीचा क्षय-वृद्धी असतो. पाण्यात उतरायच्या किंवा खडकावर जायच्या दिवशी छापील तक्ता किंवा मोबाइलवरचं भरतीचं ॲप पाहाच. ॲपमध्ये मालवण सापडलं नाही तर गोव्यातल्या मुरगाव बंदराची वेळ घ्या, फरक थोडाच पडतो. मुंबईची वेळ मात्र घेऊ नका. मुंबईला भरती बरीच उशिरा येते.

वेळेइतकीच उंचीही बघायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. मालवणला तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. सगळ्यात मोठं उधाण बहुधा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. सप्तमी ते दशमीच्या दरम्यान भांग असतो, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एक जास्त खोल जाते. ती कुठली हे तक्त्यातल्या आकड्यांवरून कळतं.

आता याचा उपयोग. खडक, पद्मगड, शंख-शिंपले, किनाऱ्यावरची लांब फेरी हे मुख्य असेल तर द्वितीया ते पंचमी धरा. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते दहाच्या मधे येते, म्हणजे उजेड आहे, ऊन चढलेलं नाही आणि नाश्ता करून निघायला वेळ आहे. स्नॉर्केलिंग आणि स्कूबा मुख्य असेल तर अष्टमी ते दशमी. भांगाला प्रवाह मंद असतो, तळाची वाळू ढवळली जात नाही, आणि नवमी-दशमीला सकाळी पावणेसात-साडेसातला भरती पूर्ण होत असल्याने आठच्या सुमाराला बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. दोन्ही हवं असेल तर पंचमीला पोचा आणि दशमीला निघा. पौर्णिमेच्या रात्री समुद्र देखणा दिसतो हे खरं, पण नेमकं पौर्णिमेला गेलात तर दोन्ही ओहोट्या साडेपाचच्या सुमाराला सापडतात. सकाळची अंधारात जाते आणि संध्याकाळच्या ओहोटीत खडकावर गेलं तर परतताना अंधार पडतो.

महिना, गाडी आणि मुक्काम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो आणि पावसाळ्याचा गढूळपणा पूर्ण बसलेला नसतो. मार्चपासून ऊन कडक होतं, एप्रिल-मेमध्ये हापूस, फणस, करवंदं मिळतात पण गर्दीही तेवढीच. नाताळ ते एक जानेवारी शक्यतो टाळा. देवबागला जाणारा रस्ता एकच, तोही अरुंद, एका अंगाला कर्ली नदीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. त्या आठवड्यात दहा-बारा किलोमीटरला तास सहज जातो. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. पावसाळ्यात येणाऱ्यांनी समुद्र लांबूनच बघायचा आणि धामापूर, आंबोलीकडे वळायचं.

रेल्वेने कुडाळला उतरा. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही आहेत. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकणकन्या, जनशताब्दी, तुतारी या गाड्या सुट्टीच्या दिवसांत लगेच भरतात, तेव्हा तिथी ठरली की पहिलं काम तिकिटाचं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी ते तपासावं.

मुक्कामाचं थोडक्यात: एसटी, बाजार, जेटी, एटीएम हाताशी हवं तर मालवण गावात. पोहायची वाळू दारात हवी तर तारकर्लीत. खाडी आणि संगम हवा तर देवबागात, पण मग स्वतःचं वाहन हवं. घरगुती न्याहारी-निवास हॉटेलपेक्षा बरं, कारण आणलेली मासळी तिथे शिजवून मिळते. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: किनारा चालत किती मिनिटांवर, वीज गेली तर पंखा चालतो का, आणि बाहेरून आणलेली मासळी करून देणार का. रोख पैसे मालवणातच काढून ठेवा. होडीवाला, रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), शहाळीवाला यांच्याकडे मोबाइलवरून पैसे देता येतात, पण नेटवर्क नेमकं किनाऱ्यावर दगा देतं.

सिंधुदुर्ग आणि पद्मगड

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ला झाली आणि काम १६६७ मध्ये पुरं झालं. कुरटे बेटावरचा हा किल्ला अठ्ठेचाळीस एकरांचा, तटाची लांबी साधारण तीन किलोमीटर. हे आकडे सांगायचं कारण वेळेचं आहे: होडीवाले किल्ल्यावर साधारण एक तास देतात आणि तेवढ्यात निम्मा किल्लाही बघून होत नाही. होडीत बसण्याआधीच विचारा, की नंतरच्या फेरीने परतलं तर चालेल का. बहुतेकदा चालतं, फक्त शेवटची होडी कितीला हे पक्कं करून ठेवा.

जेटीवर सकाळी नऊच्या आत पोचा. दहानंतर शाळांच्या सहलींची रांग लागते, आणि अकरा-बारापासून वायव्येचा वारा वाढतो, मग होडी उडते आणि लहान मुलांना मळमळतं. फेरी दहा-पंधरा मिनिटांची असते. लाइफ जॅकेट अंगावर चढवून कंबरेचा पट्टा आवळा, नुसतं मांडीवर घेऊन उपयोग नाही. उधाणाच्या खोल ओहोटीत किल्ल्याकडच्या खडकांमुळे उतरायला वेळ लागतो, म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर अर्धी भरती आल्यावरची वेळ धरा.

दरवाजा समोरून दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवलेला आहे आणि अगदी जवळ गेल्यावरच उघडा होतो. होडी वळते तेव्हा लक्ष ठेवलं तर बांधणाऱ्याचं कसब कळतं. आत शिरल्यावर शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा ठसा सांगितला जातो, त्या दोन छोट्या घुमट्या गर्दीत सहज सुटतात, विचारून बघा. पुढे शिवराजेश्वर मंदिर. राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ मध्ये बांधलेलं, आणि आतली मूर्ती नेहमीच्या चित्रांतल्यासारखी नाही, नावाड्याच्या वेषातली आहे. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी: चहूकडे खारं पाणी आणि मधे गोडं. तिथून थेट परत न फिरता पश्चिमेच्या तटावर चढा. वस्ती, देवळं आणि दुकानं सगळी अलीकडे आहेत, म्हणून निम्मे लोक तिकडे जातच नाहीत. तिथेच समुद्राच्या बाजूला राणीची वेळा नावाची इवलीशी पुळण आहे. तटाच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत, स्लीपर घालून चढू नका. सावली जवळजवळ नाही, माणशी एक लिटर पाणी बरोबर घ्या. किल्ल्यावर आजही कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणात डोकावताना परवानगी मागावी.

पद्मगडाची तऱ्हा वेगळी. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यासमोर सिंधुदुर्गाच्या आतल्या बाजूला असलेल्या या छोट्या गडावर चांगल्या ओहोटीला चालत जाता येतं. तिथीचा सगळ्यात थेट फायदा इथेच. क्रम असा ठेवा: ओहोटीच्या पूर्ण वेळेआधी एक तास दांडीवर पोचा. प्रथम मोरयाचा धोंडा बघा. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली ती ही जागा, खडकावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग कोरलेलं आहे. मग किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा, की आज वाट पडली आहे का. भांगाच्या दिवसांत ओहोटी असूनही वाट पडत नाही, हे ॲप सांगत नाही, माणूस सांगतो. निघताना मधल्या पट्टीतला एखादा खडक खूण म्हणून ठरवा, पाणी त्याच्या तळाला लागायला लागलं की गप्पा तिथेच थांबवून परत फिरा. ओहोटीची वेळ होऊन अर्धा तास झाला की कुठल्याही परिस्थितीत निघायचं. भरती सुरुवातीला सावकाश चढते आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात वेगाने, त्यामुळे "अजून पाणी लांब आहे" हा अंदाज नेमका चुकतो.

पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट हवेत. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय आडवा टाकायचा, टाच आधी नाही. खडकांतल्या डबक्यांपाशी पाच मिनिटं हालचाल न करता बसलं तर आधी रिकामं वाटलेलं पाणी जिवंत होतं: शंखात शिरलेले खेकडे, दगडाला चिकटलेली समुद्रफुलं, काचेसारखी कोळंबीची पिल्लं. दगड उलटवून पाहिला तर तसाच परत ठेवा, खालच्या अंगाला राहणारे जीव उन्हात मरतात. जिवंत शंख तर उचलूच नका.

पाण्याखाली

सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे, क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. इथे प्रवाळ आहे, म्हणूनच रंगीत मासे आहेत. अंदमानसारखं निळंशार पाणी मात्र अपेक्षू नका. नद्यांचा गाळ येणारा हा किनारा आहे, चांगल्या दिवशी काही मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं आणि वाईट दिवशी हातभर. म्हणूनच तिथी, सकाळची वेळ आणि वारा यांची इतकी किंमत. आदल्या दिवशी जोराचा वारा असेल तर दुसऱ्या दिवशीचं बुकिंग एक दिवस पुढे ढकलता येईल का विचारा. भरलेले पैसे परत मिळवण्यापेक्षा दिवस बदलून घेणं सोपं जातं.

पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्याला प्रशिक्षक धरून पाच-सहा मीटरपर्यंत नेतो, पोहता येणं गरजेचं नसतं. वय किमान दहा वर्षं. दमा, हृदयविकार, फिट येणं, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर उतरू नका, आणि फॉर्मवर खोटं लिहू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी नाहीच. कान मोकळा होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते.

कानाचं तंत्र किनाऱ्यावरच शिकून घ्या, कारण निम्मी माणसं याच एका गोष्टीमुळे अर्ध्यातून वर येतात. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकातून हळू हवा सोडल्यासारखं करायचं. कानात बारीक टक् होतं. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं, डोकं पाण्याखाली गेल्यापासून दर अर्ध्या-एक मीटरला करत राहायचं. दुखायला लागलंच तर जोर न करता प्रशिक्षकाला हाताने खूण करून थोडं वर जायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दुसरी गोष्ट श्वासाची: तो रोखायचा नाही. वर येताना तर मुळीच नाही, कारण फुप्फुसातली हवा वर येताना फुगते. मुखवट्यात पाणी शिरलं तर वरची कड कपाळाशी दाबून नाकातून जोरात श्वास सोडला की पाणी खालून निघून जातं. मिशीमुळे मुखवटा गळतो, थोडं व्हॅसलीन लावा.

ठरवण्याआधी या गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण (पहिल्या वेळेला एकच हवा), पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं, होडीवर प्राणवायूची टाकी आहे का, फोटो-व्हिडिओ दरात आहेत की वेगळे. सगळ्यात स्वस्त दर सांगणारा मिनिटं कमी करून भरपाई करतो. प्रवाळाला हात लावू नका, पाय टेकवू नका, "आठवण" म्हणून तुकडा तोडणं तर गुन्हाच आहे. माशांना बिस्किटं घालणाऱ्या होडीवाल्याला नको म्हणा. विमानाने परतणार असाल तर डुबकी आणि उड्डाण यांत किमान एक पूर्ण दिवस ठेवा.

पाण्यात उतरण्याआधी दोन तास जड खाऊ नका, पण उपाशीही राहू नका. दोन इडल्या किंवा एखादं घावन पुरे. मळमळीची गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी.

पोहणं, आणि समुद्राची ओढ

तारकर्लीची वाळू सपाट आणि पाणी सौम्य वाटतं, त्यामुळेच माणसं गाफील राहतात. लाटा आत आणतात ते पाणी कुठून तरी परत जातंच, आणि ते एका अरुंद पट्ट्यातून वेगाने जातं. तो पट्टा किनाऱ्यावर उभं राहून ओळखता येतो: दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधे मात्र पाणी शांत, थोडं गडद, फेस बाहेरच्या दिशेने सरकताना दिसतो. लोकांना तीच जागा पोहायला बरी वाटते. तिथे उतरू नका. चुकून सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा, पट्टा अरुंद असतो. बाहेर पडलात की लाटांबरोबर आत या. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगून हात वर करा. बुडणाऱ्यामागे रिकाम्या हाताने उडी घेऊ नका, दोर, रिकामा कॅन, लाइफ जॅकेट असं काही तरी फेका.

देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे पोहायचंच नाही. ओहोटीत अख्ख्या खाडीचं पाणी त्या मुखातून बाहेर पडतं आणि वाळूच्या पट्टीला लागूनच एकदम खोल आहे. त्सुनामी आयलंड म्हणून दाखवतात ती वाळूची पट्टीही याच मुखाजवळची. ती बघायला ओहोटी हवी, कारण भरतीला उभं राहायला जागा उरत नाही. पट्टीवर उतरल्यावर होडीवाला तिथेच थांबणार आहे ना हे विचारून घ्या.

पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता वाळूवर घासत पुढे न्या. तळाशी बसलेलं पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) त्या हालचालीने निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना बऱ्याच उतरतात, आणि डॉक्टरकडे जा, काट्याचा तुकडा आत राहतो. झार (जेलीफिश) अंगाला लागला तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा.

गाडी वाळूवर घालू नका. वरून कडक दिसणारी ओली वाळू चाकाखाली खचते आणि भरती वाट बघत नाही. शिवाय याच वाळूत कासवं अंडी घालतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला गावकरी ती जपतात, हिवाळा संपता संपता पिल्लं बाहेर पडायचा काळ असतो, तिकडे जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करून पहाटे पोचा.

रापण आणि मासळी

चिवला, देवबाग, तारकर्लीच्या किनाऱ्यावर पहाटे किंवा संध्याकाळी रापण ओढताना दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवा. होडी समुद्रात अर्धवर्तुळ करत जाळं टाकत जाते, दोरांची दोन टोकं किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडे वीस-वीस माणसं पाठमोरी ओढत मागे सरकतात. तासाभराने दोन्ही बाजू जवळ येतात आणि मधली खोळ वर येते, तेव्हा वाळूवर चांदी सांडते: तारली, पेडवे, बांगडे, सौंदाळे, मधेच एखादा सरंगा. दोराला हात लावायचा तर आधी विचारा, घड्याळ-अंगठ्या काढा, दोर मनगटाला गुंडाळू नका आणि ताणलेल्या दोरावरून ओलांडू नका. हात लावणाऱ्याच्या पदरात थोडी मासळी टाकायची रीत आहे, पण ती मागायची नसते. खोळ उघडल्यावर अनवाणी जवळ जाऊ नका, शिंगाळा या माशाचा काटा विषारी असतो.

विकत घ्यायची तर लिलावानंतर किनाऱ्यावरच्या बायकांकडून घ्या. कल्ला उचलून बघा, तो लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि पारदर्शक, बोट दाबून उचललं की खळगा भरून यायला हवा. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, "माशाचा वास" येत असेल तर तो कालचा. तिसऱ्या (शिंपल्या) मिटलेल्या घ्या, उघडी असली तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत. चौघांना एका जेवणाला मध्यम आकाराचे सहा-सात बांगडे, म्हणजे किलोभर, आणि वाटाभर तिसऱ्या पुरतात. इसवणाचा (सुरमईचा) तुकडा हवा तर साफ केलेलं वजन की अख्ख्याचं, हे भाव करण्याआधी ठरवा.

घरमालकिणीला आदल्या रात्रीच सांगा, वाटपाला नारळ लागतो आणि वेळही. "काकी, बांगड्याचं तिखलं कराल काय?" असं विचारलं तर तिरफळं घालून, खोबऱ्याशिवाय, आंबट-तिखट असं जे येतं ते हॉटेलच्या थाळीत सहसा मिळत नाही. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला आणि श्रावणात पुष्कळ घरांत मासे शिजत नाहीत, तेव्हा हट्ट धरू नका. त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे मागा, काजूचा हंगाम असेल तर ओल्या काजूंची उसळ. सोलकढी जेवणाच्या शेवटी, भातावर आणि वाटीतून दोन्ही.

भर दुपारी काय करायचं

बारा ते चार किनाऱ्यावर थांबू नका. भरती दुपारची असेल तर खाडीत होडीने जा, पाणी भरल्यावरच कांदळवनाच्या आतल्या फाट्यांत शिरता येतं, ओहोटीला गाळ उघडा पडतो. नाहीतर कुडाळच्या वाटेवर धामापूरचा तलाव आणि भगवतीचं देऊळ, सावलीत दोन तास छान जातात. सावंतवाडी थोडी लांब आहे, पण चितारआळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा बघायची असेल तर पूर्ण दिवस द्या आणि तो दिवस असा निवडा की त्या दिवशी पाण्याची वेळ गैरसोयीची असेल.

निघताना

ओले कपडे, वाळू आणि मीठ आदल्या दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मोबाइल, कॅमेरा ओलसर फडक्याने पुसून मग कोरडा करा, नाहीतर महिन्याभरात चार्जिंगची खाच गंजते. खरेदीत आमसुलं मऊ आणि जांभळट-काळी बघून घ्या, पांढरी पूड दिसली तर मीठ की बुरशी ते जिभेला लावून कळतं, मीठ लगेच विरघळतं. आगळ आणि कोकम सरबत या दोन वेगळ्या बाटल्या आहेत: आगळात मीठ असतं, सरबतात साखर, आणि सोलकढीला आगळच लागतं. खाजा आलेपाकाच्या वासाचा, त्याच दिवशीचा घ्या. सुकी मासळी न्यायची तर तीन पिशव्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरा, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात बारा तास इतर प्रवासीही असतात. आगळाची बाटली झाकणाला मेणकापड आणि रबर लावून उभीच ठेवा, आडवी पडली की गळते आणि त्याचा डाग कपड्यावरून जात नाही.